दाराच्या डावीकडे

सैन्याच्या सरावासाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीत माझं काम खोल्या रचायचं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की जवानाला त्या खऱ्या दिसतात. दार ढकलून आत शिरायचं आणि लपलेला शत्रू टिपायचा. नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली म्हणून मी या धंद्यात आले, नाहीतर बंदुकीशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपुरता.

बराकपूरच्या छावणीत महिनाभर सराव चालला होता. सगळ्यांना मार्क उत्तम. त्या दिवशी कर्नलसाहेब आमचा सिम्युलेटर स्वीकारल्याची सही करणार होते, आणि तुकडी पुढच्या आठवड्यात सीमेवर निघणार होती. तिच्यात चंदगडकडचा एक जवान होता, हुद्द्यानं नाईक. मी मराठी आहे हे कळल्यापासून तो मला ताई म्हणायचा. मुलगी झाल्याचे पेढे त्यानं आधी मला दिले होते.

सकाळी सियालदहहून लवकरची गाडी पकडून मी छावणीतल्या सरावाच्या हॉलवर पोचले आणि सरावाची रेकॉर्डिंग्ज बघत बसले. दार उघडलं की प्रत्येक जण थेट उजवीकडे वळत होता. डावीकडे एकही मान जात नव्हती. हेडसेटमधलं दार हॉलमध्ये जिथे येतं, तिथे डाव्या हाताला खरा खांब आहे. सुरुवातीला एकाचं डोकं त्यावर आपटलं, तेव्हा आमच्या बॉसनं फर्मान काढलं होतं की डावीकडे शत्रू ठेवायचाच नाही, म्हणजे कोणी तिकडे वळणार नाही. तात्पुरतं म्हणून केलेलं तसंच राहून गेलं.

बॉसला मी दारातच गाठलं.

"आधी सही होऊ दे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"तोवर ही माणसं कुठे असतील?"

"फौजी आहेत ते. गेम कुठला, खरं कुठलं, कळतं त्यांना."

म्हणजे मूठ झाकलेलीच ठेवायची. माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि सरळ कर्नलसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. बॉस खाऊ का गिळू असा बघत होता.

मागच्या शेडमध्ये सरावासाठी प्लायवूडच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत दाराच्या डाव्या कोपऱ्यात साहेबांनी मलाच उभं केलं. हलायचं नाही, एवढंच सांगून ते बाहेर गेले.

बुटांचा आवाज जवळ आला. इकडे बघ रे बाबा, मी मनात म्हणत होते. दार धाडकन उघडलं. नाईक आत आला, उजवीकडे वळला, रिकामी बंदूक रोखून त्यानं तिथला कोपरा तपासला आणि माझ्याकडे पाठ करून खोली साफ असल्याचं ओरडला. मी हात लांब केला असता तर त्याच्या पाठीला लागला असता.

मग वळला, मला बघून हसला. "ताई, तुम्ही हितं?"

मागे दारात साहेब आणि बॉस उभे होते. "तू इकडे बघितलंच नाहीस," मी म्हटलं.

"तिकडं कोण नसतंय की," तो म्हणाला.