मॉर्टिमर ऊर्फ मोरे

कुणी नाव विचारलं की मोरेकाका आधी बसायला जागा शोधत. दिघीच्या जेट्टीवर असले तर दोरखंडाच्या वेटोळ्यावर, बोर्लीच्या बाजारात असले तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर. बसले की गुडघ्यांवर हात ठेवून म्हणत, "रोनाल्ड मॉर्टिमर. आता विचारा पुढचं."

पुढचं ठरलेलं असे. हे कुठलं आडनाव? मूळ गाव कोणतं? मराठी कसं येतं? त्यांचे घारे डोळे आणि उन्हाने तांबूस झालेला गोरा रंग बघून लोकांना राहवत नसे. गावाने ही कटकट आपल्यापुरती मिटवली होती. मॉर्टिमरचं सरळ मोरे करून टाकलं होतं. मी बोर्ली पंचतनच्या शाळेत नोकरीला लागले आणि खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकीण म्हणाली, "शेजारी मोरे हायत. चांगली माणसं हायत." त्याच संध्याकाळी सुलोचनाकाकू तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या आणि त्यांच्यामागून कालवणाचं पातेलं सांभाळत हा उंच गोरा माणूस. मी बघतच राहिले. ते थकल्या आवाजात म्हणाले, "बसतो, बाई. तुम्ही विचारनारच."

त्यांच्या वडिलांनी सांगितलेली हकिकत अशी होती. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी नावाचा मुलूख आहे. तिथे मॉर्टमेर नावाचं गाव. नावाचा अर्थ मेलेलं पाणी, साचलेलं तळं. तिथले सरदार आपल्या राजाबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकायला गेले आणि तिकडेच राहिले. गावाचं नाव त्यांना आडनाव म्हणून चिकटलं. पुढे त्यांच्यातलाच कुणी पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. आजोबा आणि वडील रेल्वेत होते. काका स्वतः लाँचची इंजिनं दुरुस्त करायला दिघीला आले आणि सुलोचनाकाकूंशी लग्न करून इथलेच झाले.

"आमच्यात सगळे हुकमानं आले," ते म्हणत. "राजा बोलला चला, साहेब बोलला चला. मीच काय तो आपल्या मर्जीनं उतरलो."

भावंडं ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांनी यांनाही बोलावलं होतं. "न्हाय म्हटलं. तिथं परत पहिल्यापासून सांगायचं का, मी कुठला ते?"

काकू गेल्या आणि काका एकदम ओसरले. मुलगी लता पनवेलहून यायची, बाबा चला म्हणायची. ते नुसतं "बघू" म्हणायचे. त्या हिवाळ्यात आगरदांड्याहून फेरीबोटीने एक इंग्लिश बाई आली. तीही मॉर्टिमर. आपल्या घराण्याची माणसं जगभर शोधत होती. काकांना आनंद झाला. धुतलेला सदरा घालून ते अंगणात तिच्यासमोर बसले, मलाही शेजारी बसवलं, वडिलांची हकिकत अगदी नॉर्मंडीपासून सांगितली. बाई मान खाली घालून ऐकत होती. मग हळू आवाजात बोलली. काकांचं इंग्रजी रेल्वे कॉलनीतलं, चांगलं होतं, तरी त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, मी बरोबर ऐकलं का?"

बरोबरच ऐकलं होतं. काकांचे आजोबा त्या घराण्यातले नव्हते. घाटावरच्या जुन्या छावणीपाशी एक अनाथालय होतं. कुणीतरी सोडून दिलेली मुलं तिथे वाढत. बाईच्या घराण्यातल्या एका अधिकाऱ्याने अनाथालयाला मदत केली, म्हणून तिथल्या काही मुलांना त्याचं आडनाव दिलं गेलं. आजोबा त्यातलेच एक.

"म्हंजे रक्ताचं काय न्हाय," काका म्हणाले. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांनीच तिला चहा पुढे केला. पण ती गेल्यावर कितीतरी दिवस ते जेट्टीकडे फिरकले नाहीत. मी जेवणाचा डबा नेला की म्हणत, "इतकी वर्षं दुसऱ्याचंच सांगत बसलो, बाई. दमलो."

मग एका सकाळी स्वतःच दारात आले. "मला त्या अनाथालयात नेता का?"

आम्ही एसटीने म्हसळा, माणगाव करत ताम्हिणीचा घाट चढलो. अनाथालयाच्या जागी आता शाळा होती. पहारेकऱ्याने आत सोडलं आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे गुडघ्याएवढ्या गवतात थडग्यांचे लहान लहान दगड होते. सगळी मुलं. आडनावं मात्र एकेका साहेबाची. त्यात मॉर्टिमरही होते, एकाहून जास्त. पाच वर्षांचा, सात वर्षांचा.

काका एकेका दगडापाशी थांबत होते. गवत बाजूला सारून नाव वाचत होते. मला वाटलं, आता कोसळतील. ते म्हणाले, "बोर्लीत ज्याला त्याला भावकी हाय. भांडायला तरी हाय. मला वाटायचं, आपल्याला कोन न्हाय." मग वाकून हातानेच गवत उपटायला लागले. "ही बघा माझी भावकी."

पुढच्या हिवाळ्यात ते विळा घेऊन एकटेच जाऊन आले. त्यानंतरचा हिवाळा त्यांना मिळाला नाही.

यंदा लता आणि मी गेलो. पहारेकरी नवा होता, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. गवत फार माजलं होतं. दिवस कलला तरी अर्धंच झालं. लता हात धुताना म्हणाली, "उरलेलं उद्या करू, बाई. राहू या आज इथंच."