उभ्या पिकावर न उतरणारा माणूस

भंडारा जिल्हा फुटून दोन झाले तेव्हा विमानाची धावपट्टी गोंदियाच्या वाट्याला गेली आणि उडण्याचं वेड असलेला एकमेव माणूस भंडाऱ्याकडे राहिला. सरकारी वाटण्या अशाच असतात. हा माणूस म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. पवनीजवळच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत वाढले, आयटीआय करून मालवाहू जहाजावर फिटर झाले, आणि जहाज ज्या बंदरात दुरुस्तीला लागेल तिथली मायक्रोलाइट विमानाची शाळा शोधू लागले. मायक्रोलाइट म्हणजे स्कूटरला पंख फुटावेत तसं दोन माणसांचं विमान. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पोर्तुगाल. तीन देशांत शिकले, तिन्ही देशांत नापास झाले.

वेड अंगात मुरलेलं. न्यूझीलंडच्या शाळेत वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर कापडी पिशवी होती. हे तिच्याकडे ढुंकूनही न बघता मूठभर वाळलं गवत चुरडून, धान उफणल्यासारखं उधळत. सुट्टीत गावी आले की एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरत. कारध्याच्या पुलावर एकदा ओरडले, "वारा डावीकडून हाये, नाक थोडं वाऱ्यात धर!" ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, बस हाये हे. नाक धरलं तर सारे वैनगंगेत जाऊ."

पण नापास का, ते ऐका. एकट्यानं उडायची परवानगी देण्याआधी शिक्षक वर गेल्यावर इंजिन मंद करतो आणि विचारतो, इंजिन बंद पडलंय, कुठे उतरणार? खाली कोवळ्या गव्हाचं सपाट, मऊ शेत असतं. कोणीही शहाणा तिकडे बोट दाखवील. मोठेबाबा मात्र पलीकडच्या दगडधोंड्यांच्या पडीक तुकड्याकडे वळत. उभ्या पिकात ते उतरत नसत. तीन देशांचे शिक्षक डोकं धरून बसले.

मला संताप आला. आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकदा, फक्त एकदा, आकाशात एकटं सोडायला यांचं काय जातं? पण खरा राग मोठेबाबांवरच होता. मी म्हटलं, "अहो, ते नाटक असतं. जमिनीला लागायच्या आधी विमान पुन्हा वर घेतात. पिकाची एक काडी मोडत नाही. दाखवा ना परीक्षेपुरतं बोट!"

"हात शिकते, पोरी," ते म्हणाले. "आज खोटा वळला, तर खऱ्या वेळी तिकडंच वळंन."

"आणि दगडांवर आपटून मेलात तर?"

"मंग मी मरीन. त्याचं पीक काहून मरावं?"

 

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, यंदाचा वैद्यकीय दाखला शेवटचा. ते पोर्तुगालच्या त्याच शाळेत पुन्हा गेले. मी रोज मनात म्हणायचे, दाखवा हो बोट, एकदाच.

परतले तेव्हा त्यांना घ्यायला मी भंडाऱ्याच्या स्टँडवर गेले. पुन्हा नापास केलं असेल तर शाळेला धाडायचं खरमरीत पत्र पिशवीत तयार होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"झालं का?"

"नाही झालं."

"पुन्हा दगडांकडे वळलात?"

"वळलो." बाकावर टेकून त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "खाली गव्हात मालक उभा होता, म्हातारा. आपलं विमान वरून चाललं तं त्यानं टोपी काढून हलवली. त्याले काय ठाऊक, मी परीक्षा देऊन राहिलो ते."

"मग तुम्ही?"

"दोन्ही हात विमानाच्या दांडीवर होते, अन् मास्तर पाहून राहिला होता."  मग समोरच्या गाड्यांकडे बघत त्यांनी हात उचलून, कुणाला तरी दिसावा असा, सावकाश हलवला. "एकटा असतो ना पोरी, तं एक हात सोडला असता."