कर्णा पाहिल्याबद्दल शाल आणि नारळ

डोंगराच्या सहवासात माणूस आपला मोठेपणा विसरतो, असं मी बरीच वर्षं मानत होतो. तोवर मी डोंगरात राहिलो नव्हतो. साताऱ्यात पंख्याखाली बसून डोंगराविषयी वाचलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत माझे साडू मला कोयनेच्या जंगलाकडेला तीन दिवस घेऊन गेले. साडू इस्लामपूरकडचे. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेती खात्यात झाली. शेतकऱ्यानं ऊस कधी लावला याची नोंद घेणं हे त्यांचं काम. लागण आधीची असेल तर तोड आधी मिळते, म्हणून जो तो आपली तारीख पंधरा दिवस मागं ओढून मागायचा. "नोंद टाका की साहेब, तेवढ्यानं काय होतंय," हे वाक्य साडूंनी तीस वर्षं ऐकलं आणि रान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही तारीख लिहिली नाही. त्यामुळं ते कुणाचेच लाडके नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाहिलेल्या पक्ष्यांची यादी करायला घेतली, तीही त्याच शिस्तीत. नुसता आवाज ऐकलेला पक्षी तिच्यात नाही.

तिच्यात कर्णाही नव्हता. काळं डोकं, लालभडक पोट असा हा दाट जंगलातला पक्षी. लाल पोट लपवायचं म्हणून माणसाकडं पाठ करून बसतो आणि बसला की हलत नाही. त्याच्यासाठी साडू दोनदा वेगवेगळ्या घाटांत जाऊन हात हलवत परत आले होते. आता गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. पुन्हा चढ चढता येईल असं डॉक्टरांनी कबूल केलं नव्हतं. ही खेप शेवटची, हे ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. माझ्या मेव्हणीनं सांगितलं.

आम्ही उतरलो त्या जागेला रिसॉर्ट म्हटलेलं मालकांना चालत नसे. ती साधना होती. मालक कोरेगावकडचे बडे बागायतदार. सिमेंटच्या भिंतींवर शेणाचा हात फिरवून त्यांनी झोपड्या उभ्या केल्या होत्या. अंगणात चूल होती. पाहुण्यांचे फोटो चुलीपुढं निघत आणि भाकरी मागच्या गॅसवर निघत. जागोजागी 'मौन पाळा' अशा पाट्या होत्या. मी अकरापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. पहिल्या दिवशी जेवताना मालकांनी मौनाचं महत्त्व आम्हाला समजावून सांगितलं. आमटी पुन्हा गरम करावी लागली.

तिथं खरोखर मौन पाळणारा एकच माणूस होता, आमचा वाटाड्या. खालच्या गावचा, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. सगळे त्याला फौजी म्हणत. कर्ण्याच्या बसायच्या फांद्या त्याला ठाऊक होत्या. पहिल्या दोन सकाळी पक्षी दिसला नाही. दुसऱ्या सकाळी मात्र ओढ्यापलीकडून त्याचा आवाज आला. साडूंचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

ही बातमी मालकांना कळली. त्यांना साडूंच्या नादाचं भारी कौतुक वाटलं. उद्या दर्शन होणारच, असं त्यांनी जाहीर केलं आणि ते मोबाईलला रेंज मिळते त्या टेकाडावर चढले. बराच वेळ हातवारे करत बोलत होते. भाजी मागवत असतील असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी साडेसातला आम्ही ओढ्याशी उभे होतो. फौजीनं हात वर केला.

"समोरचं जांभूळ. दोन वाजता. आडव्या फांदीला पाठ करून बसलाय," तो पुटपुटला. "घाई न्हाई. हलणार न्हाई तो."

फौजीची दिशा घड्याळाच्या काट्यांवर चाले. साडूंनी दुर्बीण लावली आणि फांद्या एकेक करून तपासू लागले, जसे पूर्वी उसाच्या सऱ्या तपासत. तेवढ्यात मागं टाळ्यांचा कडकडाट झाला.

पायवाटेवर मालक उभे होते. सोबत फेटे बांधलेली सात-आठ माणसं, एक फोटोग्राफर आणि एका सहकारी संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षांना अकराला साताऱ्यात दुसरा कार्यक्रम होता, म्हणून सत्कार जागेवरच उरकायचा ठरला होता. साडूंच्या डोळ्यांना लावलेली दुर्बीण दिसली, त्यावरून दर्शन झालं असं मंडळींनी धरलं होतं.

जांभळावरून काहीतरी लालसर खाली गेलं. तेवढं मला दिसलं. साडू तेव्हा टाळ्यांकडं वळले होते.

"गेला," फौजी म्हणाला आणि त्यानं तंबाखूची डबी काढली.

आमच्याकडं शाल आणि नारळ घेऊन आलेला माणूस ते परत नेत नाही. साडूंना फेटा बांधला गेला. शाल आली, नारळ आला, चौकटीत बसवलेलं मानपत्र आलं. 'दुर्मीळ कर्णा पक्ष्याचे दर्शन घेतल्याबद्दल' हे शब्द आदल्या दिवशीच छापून झाले होते. अध्यक्ष पर्यावरणावर बोलले. फोटोग्राफरनं साडूंना फेट्यासकट पुन्हा दुर्बीण लावायला सांगितली. लेन्सची टोपणं घातलेली होती, पण फोटोत ते येणार नव्हतं.

"पण मी बगितलाच न्हाई," साडू म्हणाले.

"आवं, झाड तेच, फांदी तीच," मालक म्हणाले. "बगितल्यातच जमा हाय की."

मग त्यांनी साधनेची अभिप्रायवही पुढं केली. साडूंसारख्या जाणकाराची सही मिळाली की फाटकावर 'येथे कर्णा दिसतो' अशी पाटी लागणार होती. माझ्या मोजणीत बारावी.

"नोंद टाका की साहेब," मालक म्हणाले. "तेवढ्यानं काय होतंय?"

साडूंनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. ओळखीचं कुणी बऱ्याच दिवसांनी भेटावं तसं. नारळ त्यांनी माझ्या हातात दिला, वही गुडघ्यावर टेकवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कर्णा ऐकला. पाहिला नाही. भाकरी चांगली होती.' खाली सही केली, तारीख घातली. त्या दिवशीचीच.

मालकांनी ते वाचलं आणि वही मिटली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. फेटे ज्या वाटेनं आले त्या वाटेनं बोलत बोलत गेले. फौजीनं आम्हाला आणखी तासभर तिथंच उभं केलं. काही आलं नाही.

उतरताना साडू दर वळणावर थांबत होते. गुडघे दुखतायत का, असं मी विचारलं. त्यांनी शाल घडी करून पिशवीत घातली आणि म्हणाले, "पाव्हणं, मला कळव म्हनून फौजीला सांगून ठेवलंय. दिसला तर त्यानं तरी बगून ठेवावा."

मार्चमध्ये त्यांची शस्त्रक्रिया झाली. यादीत कर्ण्यापुढची जागा अजून कोरी आहे. मानपत्र मात्र माझ्या मेव्हणीनं दिवाणखान्यात लावलं, कारण चौकट चांगली होती. परवा मी ते जवळून पाहिलं. मधोमध छापलेला पक्षी खंड्या आहे. तो त्यांच्या घरामागच्या पाटावर रोज येतो.