एक धाव कमी

स्क्रीनवर ‘विजयी’ अशी अक्षरं नाचायला लागली तेव्हा माझ्या वहीत मॅच बरोबरीत होती.

अंधेरीच्या एका क्लबचं मैदान. महिलांच्या आंतरराष्ट्रीय वनडे स्पर्धेआधीची सराव मॅच, दोन परदेशी संघांमध्ये. मी आणि नार्वेकर ऑफिशियल स्कोअरर. मी मुलुंडची, बँकेतून रिटायर झालेली. बावीस वर्षं शाळांच्या आणि ऑफिसांच्या मॅचेसचं स्कोअरिंग करतेय. देशांच्या स्पर्धेत बसायची ही पहिलीच संधी. मुख्य मॅचेसच्या यादीत नाव लागावं अशी मला जबरदस्त इच्छा होती. ती लपवण्यात काही अर्थ नाही.

आमचं काम साधं आहे. अंपायर खूण करतो, स्कोअरर हात वर करून ‘पाहिलं’ म्हणून सांगतो, मग पुढचा बॉल. आम्ही दोघं वेगवेगळ्या वह्यांत लिहितो आणि दर ओव्हरनंतर आकडे ताडून बघतो. अंपायर सांगेल ते लिहायचं. आपलं मत घरी ठेवून यायचं.

दुसऱ्या डावाच्या सेहेचाळिसाव्या ओव्हरला दोघी बॅटर दोन धावा पळाल्या, पण वळताना एकीची बॅट रेषेपलीकडे टेकलीच नाही. अंपायर कुलकर्णींनी बोटांची टोकं खांद्याला लावली. याला शॉर्ट रन म्हणतात. पळाल्या दोन, मोजायची एक. मी हात वर केला, एक लिहिली. नार्वेकरांनीही एकच लिहिली. शेजारच्या टेबलावर एजन्सीचा ऑपरेटर लॅपटॉपवरून मैदानातली मोठी स्क्रीन चालवत होता. त्याने दोन दाबले.

“एक कमी कर रे, शॉर्ट रन आहे,” मी म्हटलं.

“हो मॅडम, करतो.”

पुढच्या ओव्हरनंतर पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, आता मागे गेलो तर स्क्रीन अडकेल, शेवटी करू. मी तेव्हाच अंपायरना निरोप द्यायला हवा होता. नाही दिला. ही माझी चूक, दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

शेवटच्या ओव्हरचा चौथा बॉल. एक धाव निघाली. जिंकायला हवे होते दोनशे बत्तीस. स्क्रीनवर बत्तीस, आमच्या दोन्ही वह्यांत एकतीस. बॅटिंगवाल्या मिठ्या मारायला लागल्या, फिल्डिंगवाल्या माना खाली घालून निघाल्या. अंपायरही स्क्रीनवर विसंबून स्टंपवरच्या बेल्स काढायला वळले. दोन बॉल बाकी होते!

मी उठले तोच वेन्यू मॅनेजर समोर.

“मॅडम, कुठे?”

“अंपायरकडे. मॅच संपलेली नाही.”

त्यांनी वही बघितली, स्क्रीन बघितली आणि आवाज खाली आणला. “सगळं लाइव्ह जातंय. पाहुणे बसलेत. एकाचे दोन करा ना, विषय संपला.”

“अंपायरने एक दिलीय.”

“प्रॅक्टिस मॅच आहे हो! कोणाला काय फरक पडतो?”

“फिल्डिंगवाल्या अकरा जणींना विचारा. उन्हात पळाल्यात त्या.”

“मेन मॅचेसची लिस्ट उद्या मीच पाठवणार आहे. बघा बाबा, विचार करा.”

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त डोकं सटकलं. बावीस वर्षांत मला कोणी आकडा बदल म्हणून धमकी दिली नव्हती.

“नाव काढायचं तर खुशाल काढा,” मी म्हटलं. “आकडा हलणार नाही.”

नार्वेकर मूळचे मालवणचे. दिवसभर आकड्यांपलीकडे एक अक्षर न बोलणारा माणूस. त्यांनी दोन्ही वह्या ओढून छातीशी धरल्या.

“बाय, तू जा. ह्येका मी कोणाक हात लावूक देवचंय नाय.”

मैदानात शिरायची आम्हाला परवानगी नसते. मी दोरीपाशी उभी राहिले आणि हात वर केला. कोणी बघेना. मग शाळेच्या मैदानावर मारते तशी हाक मारली, “कुलकर्णी सर! टॅली होत नाहीये!”

ते धावत आले. “तुमच्याकडे किती?”

“दोनशे एकतीस. सेहेचाळिसाव्या ओव्हरचा शॉर्ट रन स्क्रीनने घेतलाच नाही.”

“अरे, तो तर मीच दिला होता.”

मॅनेजर मागून पोचलेच. “सर, आता सगळ्यांनी शेकहँड केलाय...”

“मग परत बोलवा,” कुलकर्णी म्हणाले. “स्कोअरच्या चुकीमुळे संघ बाहेर निघाले तर खेळ पुन्हा सुरू करायचा, असा नियम आहे.”

ग्लोव्हज काढलेली बॅटर कुरकुरत परत आली. पाचवा बॉल तिने कव्हरकडे ढकलला आणि जिवाच्या आकांताने पळाली. एक धाव. या वेळी बॅट रेषेपलीकडे चांगली हातभर टेकली. मी दोनशे बत्तीस लिहिले.

“बघा, निकाल तोच,” मॅनेजर म्हणाले. “एवढा वेळ फुकट घालवलात.”

“मघाशी त्या जिंकल्या नव्हत्या. आता जिंकल्या.”

दुसऱ्या दिवशी यादी आली. माझं नाव नव्हतं. नार्वेकरांचंही नव्हतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. स्पर्धा टीव्हीवर बघितली, आणि प्रत्येक मॅचला वाटलं की त्या टेबलावर मी असायला हवी होते. तरी उद्या पुन्हा तोच प्रसंग आला तर मी पुन्हा दोरीपाशी जाऊन ओरडेन. फक्त या वेळी सेहेचाळिसाव्या ओव्हरलाच.

नवीन स्कोअरर विचारतात, पहिली गोष्ट कोणती शिकायची. मी सांगते, पेनने लिहा. पेन्सिलीचा आकडा दिसला की तो बदलून मागायला माणसं येतातच. पेनचा असला तरी येतात, पण मग त्यांना निदान लाज सोडून मागावं लागतं.