शेजारच्या खोलीतला छत्रीधारी

साठ सालानंतर मी फ्रँकफर्टला शिकत होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत एक इटालियन राहायला आला. कारखान्यात कामाला होता, वय चाळिशीचं. आमच्यात स्वयंपाकघर एकच. पहिल्याच दिवशी मला पाहून त्याने पातेलं तसंच टाकलं आणि खोलीत जाऊन कडी घातली. त्यानंतर मी भात लावायला गेलो की तो दाराशी उभा राहून नुसता बघे. मला धडकीच भरे. घरमालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जा, जा, महायुद्धातून आलेली माणसं अशीच असतात."

एका रविवारी दुपारी मी कांदा चिरत होतो. तो आत आला आणि मागे दार लावलं.

"तू इंडियन?" मोडक्या जर्मनमध्ये त्याने विचारलं.

"हो."

"सुरी खाली ठेव."

ठेवली. तेव्हा कुठे तो दाराला टेकला.

उभ्यानेच तो बोलू लागला. तो लष्करी पोलिसांतला छत्रीधारी सैनिक. अशी त्यांची एकच तुकडी, इटलीतही फारशी कुणाला ठाऊक नसलेली. विमानातून उडी मारायला शिकवलं, पण लिबियात लढवलं जमिनीवरच. सैन्य मागे हटत होतं. बाकीचे निघून जाईपर्यंत एका तिठ्यावरून हलायचं नाही, असा यांना हुकूम. समोरून इंग्रजांची फौज आली, तिच्यात हिंदी शिपाई. तरी हे तिठ्यावर टिकून राहिले. शेवटी ट्रकमधून निघाले, तर पुढचा रस्ताही अडवलेला. गोळीबारातूनच ट्रक पळवले.

"शेजारचा दोस्त बसल्या जागी गेला. मी उडी टाकून वाळूत पडून राहिलो. तुझ्यासारखे चेहरे अगदी जवळून गेले. मी श्वास घेतला नाही."

इंग्रजांच्या फौजेत शिपाई असलेला माझा मामा त्याच वाळवंटातून परत आला नव्हता. सांगावं की नाही? दार तर त्याच्या पाठीमागे बंद. तरी तोंडून निघून गेलंच.

तो पांढराफटक पडला. "कुठे गेला?"

"माहीत नाही. घरी फक्त तार आली."

"गोळ्या मीही झाडल्या," तो म्हणाला, आणि मटकन खुर्चीत बसला.

मी भात वाढला. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे डोळे ठेवून जेवला. जिन्यात पावलं वाजली तेव्हा आम्ही दोघंही खायचं थांबलो.

पुढे वर्षभर रविवारी एकत्र जेवलो. आईला मात्र मी त्याच्याबद्दल कधी लिहिलं नाही. तिने आपल्या भावाबद्दल एकच प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं.