कोणाच्या हाताला थंड?

रिपोर्टमध्ये एकच शब्द भरायचा राहिला होता. तोही देसाईसरांनी सांगून टाकला.

"ऑपरेटर वॉज केअरलेस. एवढं लिही आणि प्रिंट काढ. सोमवारी कॉन्ट्रॅक्टरला पाठवायचाय."

देसाईसर आमचे प्लांट मॅनेजर. मी रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. म्हणजे कामाचे कागद इंग्रजीत लिहिते. त्यातला मुख्य कागद एसओपी. कुठलं मशीन कसं चालवायचं, आधी काय करायचं, नंतर काय, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. प्लांटमध्ये सुपरवायझर तो मराठीत समजावून सांगतात. माझं शिक्षण पेणला इंग्रजी माध्यमात झालं, म्हणून कंपनीत इंग्रजीचं काही अडलं की माझ्याकडे येतं. बोलायला मी कच्ची आहे. लिहिताना ते दिसत नाही.

"सर, ते म्हणतात, त्यांनी चेक केलं होतं," मी म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात."

'ते' म्हणजे जनार्दन म्हात्रे. वय पंचावन्नच्या पुढे, राहणारे धरमतर खाडीच्या बाजूचे. आम्ही पेणहून एकाच कंपनीच्या बसने येतो. सगळे त्यांना म्हात्रेकाका म्हणतात. ते कॉन्ट्रॅक्टवर आहेत. अपघाताच्या रिपोर्टमध्ये निष्काळजी ठरलेल्या कॉन्ट्रॅक्ट कामगाराचा गेटपास बंद होतो, हा आमच्याकडचा नियम. त्या वयात दुसरी कंपनी आत घेत नाही.

झालं होतं असं. आमच्याकडे एक मोठा फिल्टर आहे. स्टीलचा हंडाच म्हणा, वर बोल्टने आवळलेलं झाकण. आत कापडावर पावडर अडते, पाणी खाली जातं. शेवटी गरम पाण्याने धुतात, मग झाकण उघडून पावडर काढतात. त्या दिवशी खालचा पाइप अर्धवट तुंबला होता आणि गरम पाणी झाकणापर्यंत आतच राहिलं होतं. काकांनी बोल्ट सैल केले आणि पाणी फटीतून उसळलं. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

चौकशीच्या वेळी नोंदी लिहायला मी होते. सेफ्टी ऑफिसर इक्बालभाई प्रश्न विचारत होते. ते बरीच वर्षं गल्फमध्ये काम करून परत आलेले, बोलणं मात्र गावचंच.

"म्हात्रे, उघडायच्या आधी काय केलंत?"

"हात लावून बगितला. थंड व्हता."

"आत बासष्ट डिग्री होतं," देसाईसर म्हणाले. "कंट्रोल रूममधल्या पॅनलवर नोंद आहे. थंड कसं असेल?"

"मना थंड लागला."

"आणि ग्लोव्ह का काढला?"

"ग्लोव घालून थंड कसा कलनार, सायेब?"

देसाईसर जरा मऊ होऊन म्हणाले, "हे बघा, चेक करायचं विसरलो, असं लिहून द्या. माणूस विसरतो. मी कॉन्ट्रॅक्टरशी बोलून बघेन."

तो खरं तर सुटायचा रस्ता होता. मला वाटलं, काका सही करतील. त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "इसरलो नाय तर इसरलो कशाला लिवू? काडायचा तर काडा."

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. तेव्हाच मला वाटलं, की हा माणूस खोटं बोलत नाही. पण वाटणं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

सरांनी 'केअरलेस' लिहायला सांगितल्यावर मी टेबलावर परत येऊन त्या फिल्टरची एसओपी उघडली. चौदावी पायरी : झाकण उघडण्याआधी फिल्टर 'कूल' असल्याची खात्री करा. खाली तयार करणाऱ्याचं नाव. माझं.

ती ओळ लिहिल्याचा दिवसही मला आठवला. मी प्लांटमध्ये उभी होते, सुपरवायझर म्हणाले, "थंड झाला की उघडायचा." मी 'कूल' लिहिलं. छोटा, सोपा शब्द. मला तो आवडलाही होता. थंड झालंय हे कसं बघायचं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये काका समोरच्या बाकावर होते. आमच्याकडे चहा स्टीलच्या ग्लासात देतात. किटलीतून ओतल्याबरोबर कोणी तो धरू शकत नाही. कोणी रुमालाने धरतो, कोणी वरच्या कडेला दोन बोटांनी. काकांनी भरलेला ग्लास उजव्या मुठीत घेतला, पूर्ण तळवा लावून, आणि शेजारच्याशी बोलत बसले. ग्लास खाली ठेवायची त्यांना घाई नव्हती.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पट्टी मनगटाच्या वर होती. तळव्यावर एकही फोड नव्हता. पाणी तर तळव्यावरही उडालं असणार.

मी स्वतःहून उठून कोणाशी बोलायला जात नाही. त्या दिवशी गेले.

"काका, हात... असा कशाने झाला?"

"मिठागरान, मॅडम." त्यांनी तळवा उघडून दाखवला. पिवळट, जाड, चकचकीत कातडी. "धा वर्षांचा असल्यापासना. फावडा आनि खारा पानी. बायको बोलते, तुमी हातान भाकरी उलटवता, मना उलथना कशाला?"

मी तिथून लॅबमध्ये गेले. स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन हळूहळू तापवलं आणि बाहेरून हात लावत गेले. चाळीसला ऊब लागली. पन्नासला मी हात काढून घेतला. मग हे सगळं इक्बालभाईंना सांगितलं. मध्ये दोनदा अडखळले. त्यांनी घाई केली नाही.

"त्या वेळी बाहेरचा पत्रा पन्नासच्या आसपासच असणार," ते म्हणाले. "पण हे मला सांगून काय उपयोग? देसाईसायबांना सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"नाय. 'कूल' मी लिहिलेलं नाय."

शनिवारी मीटिंग झाली. टेबलावर तीन सारखी भांडी ठेवली, तीस, चाळीस आणि पन्नास डिग्रीची. मी मान खाली घालूनच बोलले. "सर, एसओपीत 'कूल' लिहिलंय. किती कूल, कशाने बघायचं, ते लिहिलेलं नाही. ते मी लिहिलंय. काकांनी त्याप्रमाणेच केलं."

"कॉमन सेन्स नावाची गोष्ट असते," देसाईसर म्हणाले.

"सायेब, आधी तुमचा कॉमन सेन्स बघू," इक्बालभाई म्हणाले. "तिसऱ्याला हात लावा. दहा आकडे मोजतो."

सरांनी तळवा लावला. चार म्हणेपर्यंत हात उचलला.

मग काकांना आत बोलावलं. त्यांना काही सांगितलं नव्हतं. देसाईसर म्हणाले, "थांबा. त्यांना पाठ करून उभं करा." त्यांनी स्वतः भांड्यांच्या जागा बदलल्या आणि एकेक काकांच्या हाताला लावलं.

"हा?"

"थंड."

"हा?"

"थंडच हाय."

तिसरं भांडं पन्नासचं होतं. काकांनी ते मुठीत धरलं. इक्बालभाई मनात आकडे मोजत असावेत, त्यांचे ओठ हलत होते. दहाच्या पुढे गेले.

"ह्यो पन थंड," काका म्हणाले. मग जरा विचार करून, "कोमट बोला पायजे तर. गरम नाय."

देसाईसरांनी जागा बदलून आणखी दोनदा तेच केलं. उत्तर तेच आलं. एकदा तर काकांनी पन्नासच्या भांड्यालाही नुसतं थंडच म्हटलं.

सर खुर्चीत बसले. त्यांनी रिपोर्टची प्रिंट ओढून घेतली, 'केअरलेस' खोडलं आणि माझ्यासमोर ठेवली. "कारण लिही. एसओपीतली सूचना अपुरी." मग काकांकडे वळले. "म्हात्रे, मी तुम्हाला खोटं लिहून द्यायला सांगत होतो. माझं चुकलं."

मॅनेजरने कॉन्ट्रॅक्ट कामगाराला चारचौघांत असं म्हटलेलं मी आधी ऐकलं नव्हतं. काकांनी टेबलावरच्या भांड्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "पानी थंड झाला, वतून टाकू का?"

गेटपास राहिला. फिल्टरच्या झाकणाशेजारी, उभ्या माणसाला दिसेल असा तापमानाचा काटा बसवला. चौदावी पायरी आता अशी आहे : ग्लोव्ह काढू नका. खालून पाणी गेल्याचं बघा. काटा चाळीसच्या खाली आल्यावरच बोल्टला हात लावा. ओळ लांब झाली. एकही विशेषण नाही.

नव्या एसओपीचं ट्रेनिंग झालं त्या दिवशी काका मागे थांबले. म्हणाले, "आता तुजा हात दाव गो." कंपनीत ते मला मॅडमच म्हणायचे. मी हात पुढे केला. त्यांनी बोटावरचा शाईचा डाग बघितला आणि ते हसले. "ह्या हाताला समदाच गरम. लिवायच्या आधी इचारत जा."

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की विशेषणाने वाक्यात जीव येतो. निबंधात येत असेल. आमच्या कागदात विशेषण आलं, की ते कोणाच्या हाताने तपासायचं हे आधी ठरवावं लागतं.

त्याच आठवड्यात दुसरी एसओपी तपासताना 'बोल्ट टाइट करा' अशी ओळ लागली. मी कागद घेऊन प्लांटमध्ये गेले. काका पान्हा पुसत होते. मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं,

"टाइट? तुज्या हाताचा का माज्या?"