दत्ताच्या वाटची फेज

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मशीन बंद केलं." मी आपला विचारतो, "का, लाईट गेली का?" त्या म्हणाल्या, "लाईट आहे हो." तेव्हा कुठे मला कळलं. मशीन म्हणजे ऑक्सिजनचं. माझा मित्र दत्ता त्याच्यावरच जगत होता. महिना होऊन गेला, तरी तो फोन माझ्या कानातून जात नाही.

भोरला एकाच शाळेत आम्ही शिकवलं, तो विज्ञान, मी मराठी. हौशी नाटकमंडळीत मी दिग्दर्शक, म्हणजे ओरडणारा. तो दिवे सांभाळायचा, म्हणजे माझं ओरडणं ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. विजेच्या तीन फेज येतात, रंगमंचावरचे दिवे त्या तिघींत सारखे वाटायचे, नाहीतर एकीवर ताण येऊन ऐन रंगात फ्यूज उडतो, एवढं मलाही ठाऊक होतं. आंबवड्याच्या जत्रेत त्याला यायला उशीर झाला, म्हणून मीच दिवे मोजून वाटून टाकले. निळे एकीवर, पिवळे दुसरीवर, लाल तिसरीवर. दत्ताने आल्या आल्या कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, रात्रीचा प्रवेश आला की निळे सगळे एकदम पेटणार. म्हणजे एकटी मरतेय आणि बाकीच्या दोघी बसल्यात गप्पा छाटत! दिवे मोजून नाही वाटायचे, प्रवेश बघून वाटायचे." आणि भर उन्हात शिडीवर चढून त्याने सगळ्या वायरी नव्याने जोडल्या. खाली उभा राहून मी शिव्या खात होतो.

निवृत्तीनंतर तो हिर्डोशीला, आपल्या गावी राहायला गेला. तिथे फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात मशीन आलं. संध्याकाळी आळीत व्होल्टेज इतकं पडायचं की मशीन बंद पडायचं, आणि वहिनींचा जीव टांगणीला. शेजाऱ्यांनी आपसात ठरवलं, मास्तरांच्या फेजवर कुणी राहायचं नाही. वायरमनला गाठून सगळी घरं एका दिवसात दुसऱ्या एकाच फेजवर! माया तरी किती… त्याच संध्याकाळी तिकडचा फ्यूज उडाला. आळीभर अंधार, उजेड फक्त दत्ताच्या घरात. मी तिथेच होतो. तो धाप लागेपर्यंत हसला.

"मास्तर, तुमच्या जिवापुढं आमचा टीव्ही काय लागून गेलाय?" शेजारचे तुकाराम म्हणाले.

"म्या श्वास घ्यायचा आन तुमच्या पोरांनी अंधारात जेवायचं? न्हाई चालायचं." दत्ता त्यांच्याच बोलीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या त्याने एकेकाला बोलावून विचारलं, पहाटे गिझर कुणाचा, संध्याकाळी पाण्याची मोटर कुणाची. कुणाचं काय कधी चालतं ते बघून घरं तिन्ही फेजवर वाटून दिली. नाटकच बसवलं लेकाने! वायरमनने तसं जोडून दिलं आणि मशीन नीट चालू लागलं. फक्त त्याच्या फेजवर थोडी जागा मोकळी ठेवायचीच, असा शेजाऱ्यांनी हट्ट धरला. त्यावर तो शेवटपर्यंत कुरकुरत राहिला.

परवा वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा तुकारामांची बायको सखूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "काकी, सुनंनं दळणाची घरघंटी घेतलीया. आमच्या फेजवर चालंना… वायरमन म्हनतो, तुमच्याकडं…" बोलता बोलता त्या मागे वळल्या. "ऱ्हाऊ द्या. मास्तरांची जागा हाय ती."

 वहिनी पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "घे गं, जोडून घे. तेवढी त्यांना श्वासापुरती लागायची. आता नाही लागत."